स्लॅबवरचे दोन जुने अँटिना एकत्र जोडून बूस्टर लावला तर काही भेटन का?

कपाशीवाला

नमस्कार मंडळी. आमचं गाव हिंगणघाटच्या पुढे वडनेरकडे, मेन रोडपासून आत. घर जुनं आहे, अर्ध्यावर टिना अन् अर्ध्यावर स्लॅब, आणि स्लॅबवर एकाच पाइपाला दोन अँटिना अजून उभे आहेत, वरचा लंब्या काड्यांचा अन् खालचा बारक्या काड्यांचा, दोन्ही बाबांनी मी शाळेत जायच्या आधी लावलेले. दिवाळीच्या सफाईत माळ्यावरच्या पेटीत बूस्टर पण सापडला, अडॅप्टरसकट, लावून पाहिला तर लाल लाइट लागला!

तर आता माझ्या डोक्यात आलं की बैठकीत फ्री डिशची छत्री आहे पण आईचा छोटा टीव्ही आतल्या खोलीत आहे त्याला काहीच नाही, अन् बाबांना संध्याकाळी अंगणात बाजेवर पडून रेडिओ लागते, विविधभारती, नागपूरचं १००.६, ते कधी मस्त येते कधी नुसती खरखर, रेडिओ हातात धरून उभं राहिलं की येते अन् खाली ठेवला की जाते. म्हणून हे दोन्ही अँटिना एकत्र जोडायचे, वरून बूस्टर, अन् खाली एक वायर आईच्या टीव्हीला एक बाबांच्या रेडिओला, असं केलं तर चालन का? दोन अँटिना म्हणजे डबल सिग्नल भेटायला पाहिजे ना? कोणी केलं असेल तर सांगा. खर्च जास्त नको, यावर्षी कापसाचं तुम्हाला माहीतच आहे.

उमरेडचा_बंड्या

भाऊ कोणत्या जमान्यात आहेस 😂 मोबाईलवर सगळं येते, रेडिओ पण येते टीव्ही पण येते, बाबांना एक स्वस्तातला फोन घेऊन दे अन् विषय संपव.

कपाशीवाला

बंड्याभाऊ आमच्याकडे नेटवर्क पाण्याच्या टाकीवर चढल्यावर येते, बाबा सत्तर वर्षांचे आहेत.

सिग्नलवेडा

टीव्हीचं आधी सांगतो कारण त्यात बूस्टर काय अन् दहा अँटिना काय, हाती काहीच लागणार नाही. जमिनीवरच्या टॉवरवरून दूरदर्शन जे प्रक्षेपण करत होतं ते बंद झालंय. प्रसार भारतीने २०२१ मध्येच जाहीर केलं होतं की ३१ मार्च २०२२ पर्यंत सीमेवगैरेच्या पन्नासेक ठिकाणांचे ट्रान्समीटर सोडून बाकी सगळे जुने अॅनालॉग ट्रान्समीटर बंद करणार. म्हणजे तुझ्या स्लॅबवरचा अँटिना ज्याची वाट बघत उभा आहे ते आता येतच नाही. मध्ये २०१६ ला टॉवरवरूनच डिजिटल सुरू केलं होतं सोळा शहरांत, त्यात महाराष्ट्रातून मुंबई अन् औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) होतं, नागपूर त्या सोळात नव्हतं. त्यामुळे आईच्या टीव्हीला सिग्नल छत्रीतूनच द्यावा लागेल, त्याचं वेगळं बोलू.

रेडिओसाठी मात्र तुझा विचार अगदीच वाया नाही. फक्त "दोन अँटिना म्हणजे डबल" हे गणित जसं वाटतं तसं नाहीये. अगदी एकसारखे दोन अँटिना, एकाच दिशेला तोंड, मध्ये बरोबर अंतर, दोघांच्या केबलची लांबी सेम टू सेम, तेवढं सगळं जमलं तर जास्तीत जास्त ३ डीबी (डेसिबल, सिग्नल किती वाढला-घटला ते मोजायचं माप) वाढतं. ३ डीबी म्हणजे पॉवर डबल हे खरं, पण कानाला किंवा रेडिओला ते डबल वाटत नाही, थोडी खरखर कमी झाल्यासारखं वाटतं इतकंच. आणि तुझे दोन अँटिना तर एकसारखे नाहीतच. लंब्या काड्यांचा आहे तो बँड वनचा असणार, साधारण ४७ ते ६८ मेगाहर्ट्झ, आणि बारक्या काड्यांचा बँड थ्री, १७४ ते २३०. एफएम ८८ ते १०८ वर, म्हणजे बरोबर दोघांच्या मधे पडतं. एकाला ते बारीक होतं अन् दुसऱ्याला मोठं.

फोटो टाक ना. दोन्हीचं तोंड कोणत्या दिशेला आहे ते पण सांग.

कपाशीवाला

फोटो टाकला. वरचा नागपूरकडे तोंड करून आहे म्हणजे उत्तरेला जरासा पूर्वेकडे झुकलेला, खालचा गावाकडे, म्हणजे हिंगणघाटकडे असन. खरं सांगू का मी काल संध्याकाळी करूनच पाहिलं 🙈 दोन्हीच्या चपट्या वायरी सोलून एकमेकाला गुंडाळल्या, टेप मारला, बूस्टरला जोडलं, बूस्टरमधून वायर काढून रेडिओच्या काडीला बांधली. तर आधी जे येत होतं ते पण गेलं. आवाज मोठा आला पण सगळा खरखराटच मोठा, अन् त्यात एक टक… टक… टक… असं घड्याळासारखं सुरू झालं, ते तर आधी एवढं नव्हतं. बाबा म्हणे जाऊ दे बाप्पा, होतं तेच बरं होतं.

आर्वीचे काका

बापू, पहिले थो बूस्टर काढून बाजूले ठेव, बाकी मंग बोलू.

म्या तीस वर्सं टीव्ही दुरुस्त केले, आता डोये साथ देत नाई म्हणून दुकान पोराले देलं, थो मोबाईल विकते. तुयं वाचून जुने दिवस आठवले म्हणून लिहून रायलो. रामायण लागलं होतं तेवा, १९८७-८८ ची गोष्ट, रविवारी सकाळी, तेवा शनिवारी आमच्या दुकानात पाय ठेवाले जागा नसे. सगयायची एकच तक्रार, मुंग्या येते. अन् परतेकाच्या डोक्यात हेच, एका अँटिन्यात आठ आणे सिग्नल येते तं दोनात रुपया येईन. एका पाटलानं तं एका पाइपाले चार लावले होते, दूरून पाह्यलं तं वाटे घरावर मोठा काटेसावरीचा झाड उगवला.

आता काय होते समजून घे. तालुक्याच्या गावात जो रिले टॉवर रायचा थो लो पॉवरचा, शंभर वॅटचा, पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढं त्याच्या मुंग्याच. नागपूरचा मोठा, पण दूर. म्हणून लोकं काय करत, एक अँटिना इकडं एक तिकडं अन् दोन्हीच्या वायरी गुंडाळून टीव्हीत. मंग काय होये, या अँटिन्यात जे आलं थे अर्धं त्या अँटिन्यातून पुन्हा बाहेर हवेत निघून जाये. टीव्हीत जाले रायलंच अर्धं. अन् वरतून दुसरा अँटिना त्याच टॉवरचा सिग्नल कुठून तरी टेकडीले आपटून आलेला उशिरा धरे, म्हणून पडद्यावर रामाच्या मांगं एक फिका राम दिसे. लोकं म्हणत काका भूत येते टीव्हीत. भूत कायचं, दुसरा अँटिना होता थो. रेडिओत भूत दिसत नाई, आवाज फाटल्यावानी येते बस.

बूस्टरचं बी सांगतो. बूस्टर म्हंजे बैल नोये का मांगून ढकलन अन् पुढं नेईन. थो भोंगा होये. तुमच्या तोंडात जे आलं थेच मोठ्यानं सांगते. तोंडात खरखर आली तं खरखर मोठ्यानं. अँटिन्यानं धरलंच नाई थे बूस्टर कुठून आणन? बूस्टरचा फायदा तेवा, जवा अँटिना चांगला धरून रायला अन् खाली टीव्हीपर्यंत येता येता लंब्या वायरीत थे मरून रायलं. म्हणून बूस्टर वर, अँटिन्याजवय, पाइपालेच बांधत. लोकं काय करत, थंडी-पाण्यानं खराब होईन म्हणून खाली टीव्हीच्या मांगं ठेवत. तिथं ठेवून काहीच फायदा नाई, वायरीतली घाण बी मोठी करते थो.

अन् तू चपटी वायर सोलून गुंडाळली ना, थे पह्यलं तोड. चपटी वायर ३०० ओमची, गोल केबल ७५ ची, दोघायचं सरळ जमत नाई, मधात मॅचिंगची बारकी डबी लागते, अँटिन्याच्या डब्यात रायते पाह्य. बरं जुनी चपटी वायर उन्हानं तडकून जाते, पावसात पाणी चढते तिच्यात, तीस वर्साची वायर फेकूनच दे. आमच्या धंद्यात निम्म्या तक्रारी अँटिन्याच्या नसतच, वायरीच्या अन् जोडाच्या रायत. तांबं हिरवं झालेलं, अॅल्युमिनियमवर पांढरा भुगा. पॉलिश पेपर मारला का टीव्ही चालू, अन् लोकं म्हणत काकानं जादू केली. उरलेल्या निम्म्या तक्रारी वांदरायच्या.

सिग्नलवेडा

काकांनी सांगितलं त्यात एक भर. तुझी केबल किती लागेल, स्लॅबवरून अंगणापर्यंत, पंधरा मीटर? चांगल्या आरजी-६ केबलमध्ये एफएमच्या फ्रिक्वेन्सीला १०० मीटरला साडेसहा-सात डीबी जातात, म्हणजे पंधरा मीटरला एक डीबी. एवढ्यासाठी बूस्टर कशाला. एक चांगला अँटिना, बरोबर मापाचा, आणि आहे त्यापेक्षा उंच, ह्याच्यात सगळं येतं. उंची हा फुकटचा बूस्टर आहे. नागपूर तुझ्याकडून सरळ रेषेत सत्तर-ऐंशी किलोमीटर, म्हणजे क्षितिजाच्या काठावरचं काम आहे, अशा ठिकाणी सहा मीटरचे बारा मीटर केले तर पाच-सहा डीबी मिळू शकतात, दोन अँटिना जोडून मिळाले असते त्याच्या डबल.

अँटिना तू स्वतः बनव, लंब्या काड्यांच्या त्या बँड वनमधलं अॅल्युमिनियम आहेच. १००.६ साठी हिशोब असा, अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (दोन सरळ काड्यांचा साधा अँटिना) साधारण १ मीटर ४२ सेंमी होतो. म्हणजे ७१-७१ सेंमीच्या दोन काड्या, मधे दोन बोटं जागा सोडून एका प्लॅस्टिकच्या तुकड्यावर (पीव्हीसी पाइप चालतो, लाकूड नको, ओलं होतं) एका रेषेत बसव. एका काडीला केबलची मधली तार, दुसरीला त्या तारेभोवतीची जाळी. अशा सरळ डायपोलला ७५ ओमची केबल थेट चालते, मॅचिंगची डबी नको. दुमडलेला जो डायपोल त्या जुन्या अँटिनावर आहे तो कापत बसू नको, त्याची वळणं बिघडतात, मागच्या सरळ काड्या काप. आणि एक दीड मीटरची काडी सलग, न कापता, डायपोलच्या मागे सत्तरेक सेंमीवर, नागपूरच्या उलट्या बाजूला, तिला काहीच जोडायचं नाही. ती मागून येणारं अडवते अन् पुढचं परत पाठवते. तुझ्या गावाला उत्तरेला नागपूर, पश्चिमेला यवतमाळ अन् खाली चंद्रपूर, तिन्हीकडे आकाशवाणी आहे, त्यामुळे मागचं अडवलेलं बरंच. काड्या आधी आडव्या ठेवून ऐक, मग उभ्या करून ऐक, ज्यात चांगलं येईल तसं पक्कं कर.

रेडिओला अँटिनाचं सॉकेट नसेल तर केबलच्या मधल्या तारेला चिमटा लावून रेडिओच्या काडीला, आणि जाळी बॅटरीच्या मायनसला. नुसती मधली तार लावलीस तर अर्धं काम होतं. रेडिओवर स्टिरिओ-मोनोचं बटण असेल तर मोनोवर ठेव, कमजोर सिग्नलला स्टिरिओमध्येच जास्त खरखर येते.

पुलगावची ताई

आईच्या टीव्हीचं कोणीच सांगितलं नाही म्हणून मी सांगते, आमच्याकडे एकाच छत्रीवर दोन टीव्ही चालतात, जाऊबाईंच्या खोलीत एक अन् आमच्या बैठकीत एक. पण त्याच्याआधी मी पैसे घालवले ते ऐका, म्हणजे तुमचे वाचतील.

मी बाजारातून केबल टीव्हीचा स्प्लिटर आणला, तो छोटा चौकोनी असतो तोच, लावला तर दोन्ही टीव्हीवर सिग्नल नाही. परत गेले, दुसरा आणला, तेच. मग माझ्या भावाने पाहिलं तर त्याच्यावर ५ ते १००० मेगाहर्ट्झ लिहिलं होतं. छत्रीच्या एलएनबीतून (छत्रीसमोर दांडीवर बसवलेली डबी असते ती) खाली जो सिग्नल येतो तो ९५० पासून २१५० पर्यंतचा असतो, म्हणजे त्या स्प्लिटरमधून जायलाच जागा नव्हती! त्यावर २४०० किंवा २५०० लिहिलेला पाहिजे. दुसरं म्हणजे एलएनबीला वर करंट बॉक्सकडूनच जातो, त्याच केबलमधून, तर स्प्लिटरच्या निदान एका टोकातून तो वर जाता आला पाहिजे, त्याच्यावर पॉवर पास लिहिलेलं असतं. फ्री डिशचे चॅनल सगळे एकाच पोलरायझेशनचे (म्हणजे लहरी आडव्या की उभ्या ते) आहेत म्हणून हा स्प्लिटरचा जुगाड चालतो, पैसे भरायच्या डिशला असं चालत नाही.

पण त्यातही गंमत अशी की ज्या बॉक्समधून करंट वर जात होता तो जाऊबाईंच्या खोलीत होता, त्या नऊ वाजता बटण बंद करून झोपल्या की आमची सिरियल पण बंद. पंधरा दिवस भांडणं झाली घरात. शेवटी दोन तोंडाचा एलएनबी आणला, ट्विन म्हणतात त्याला, त्याला दोन केबल निघतात अन् दोन्ही बॉक्स आपापले. मला विचाराल तर स्प्लिटरच्या फंदात पडूच नका, सरळ ट्विन एलएनबी घ्या अन् दुसरा बॉक्स. रिचार्ज नाही ह्यातच सगळं आलं. त्यावर आकाशवाणीची रेडिओ चॅनेलं पण येतात, बाबांना ती ऐकवून पहा.

सिग्नलवेडा

ताईंचं एकदम बरोबर. एलएनबी बदलताना छत्री हलली तर परत लावायचं माप सांगून ठेवतो: फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, ९३.५ अंश पूर्वेला. हिंगणघाटहून तो आग्नेयेला, दक्षिणेपासून साधारण ३७ अंश पूर्वेकडे, आणि वर ६० अंशावर. बऱ्यापैकी डोक्यावर आहे म्हणून समोर झाड असलं तरी सहसा नडत नाही. आणि छत्रीच्या केबलला तो जुना बूस्टर चुकूनही लावू नको, तो त्या फ्रिक्वेन्सीचा नाहीच अन् वर जाणारा करंट पण अडवेल.

सोयाबीन_ते_तूर

कपाशीवाले भाऊ, ते टक टक टक सेकंदाला एक असं येते का? तुमच्या घरामागच्या वावराले झटका मशीन आहे का?

कपाशीवाला

आहे ना! शेजारच्याचं आहे, रानडुकरं अन् रोह्यांसाठी, संध्याकाळी सहाला चालू करते तो. तुम्हाला कसं कळलं??

सोयाबीन_ते_तूर

आमच्याकडे तेच होतं. मशीन सेकंदाला एक झटका तारेत सोडते, तार चांगली असली तर काही होत नाई, पण कुठं तारेले गवत टेकलं किंवा तुरीची फांदी टेकली नाही तर इन्सुलेटर फुटलं तर तिथं बारीक ठिणगी पडते, अन् ठिणगी म्हणजे एक छोटासा ट्रान्समीटरच. रेडिओत टक. मिडीयम वेव्हवर तर त्या टकटकीपुढे दुसरं काही ऐकूच येत नाही, एफएमवर सिग्नल कमजोर असला तरच ऐकू येते. अंधारात कुंपणाच्या बाजूने चालत जा, निळी ठिणगी दिसते अन् चट चट आवाज येते, हात लावू नका फक्त. शेजाऱ्याले सांगा, त्याचाच फायदा आहे, ठिणगीत झटका वाया जाते अन् डुकराले कमी लागते.

आर्वीचे काका

शाबास रे. हे आमच्या टायमाले नोतं, तेवा स्कूटर गेली का टीव्हीवर रेघा येत.

बापू, पाइप उंच करशीन तं दोन गोष्टी ध्यानात ठेव, हे मजाक नाई. पाइप उभा करताना वरून लाइनची तार किती दूर हाय थे पाह्य, पाइप आडवा पडला तरी तारेपर्यंत पोचला नाई पायजे. म्या एका पोराले याच्यातच जाताना पाह्यलं हाय. अन् पाइपाले जाड तार बांधून खाली जमिनीत अर्थिंग कर, मिरगाच्या इजा आपल्या इकडं कशा पडते तुले सांगाची गरज नाई. आभाय गरजलं का रेडिओची वायर काढून खिडकीच्या बाहेर टाकून दे. एकट्यानं चढू नोको.

कपाशीवाला

आठ दिवसांनी लिहितो, माफ करा, वेचणी चालू होती.

जुना पाइप काढला नाही, त्यालाच वरून दुसरा दहा फुटी तुकडा जोडला, चुलतभाऊ अन् मी दोघं होतो काका, लाइन दुसऱ्या बाजूला आहे. काड्या सिग्नलवेडा भाऊंनी सांगितलेल्या मापानं कापल्या, ७१ च्या दोन, मागची दीड मीटरची. आडव्या लावल्या तर नागपूर आलं पण बारीक हिस्स होतं, उभ्या करून पाहिल्या तर जास्तच खराब, परत आडव्या केल्या. मग पाइप हळूहळू फिरवत होतो अन् बाबा खालून ओरडत होते "आलं… आलं… गेलं… मांगं फिरव", शेजारपाजारचे सगळे जमा झाले, आई म्हणे १९९० साल परत आलं का घरात. बूस्टर नाही लावला. आता १००.६ स्वच्छ येते, रेडिओ बाजेवर ठेवला तरी.

चिमटा आधी नुसता काडीला लावला होता, मग मायनसला जाळी लावली तर खरंच फरक पडला. टक टक पण सापडली, शेजाऱ्याच्या तारेवर तुरीचं झाड आडवं पडलेलं होतं अन् एका जागी इन्सुलेटरऐवजी सायकलचा ट्यूब गुंडाळलेला. त्यानं नीट केलं.

ट्विन एलएनबीचं आईला सांगितलं, ती म्हणे दुसरा बॉक्स आणायच्या आधी कापूस विकू दे. ताई, तोपर्यंत बैठकीतलाच पाहते.

एक प्रश्न राहिला, खालचा बारक्या काड्यांचा अँटिना अजून तसाच आहे, त्याला काही जोडलेलं नाही, पण काल एक मोठं वांदर त्याच्यावर लटकून झोके घेत होतं अन् पूर्ण पाइप हलत होता, वरची दिशा पण थोडी फिरली. तो काढून टाकू का राहू देऊ?

आर्वीचे काका

काढ. पण वांदराले बसाले एखादं फाटं ठेव दुसऱ्या कोपऱ्यात, नाई तं थे वरच्यावर चढन.